विटक्या गोधडीचं काय करायचं? या चुका टाळा

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आल्या की नाशिकमध्ये माळ्यावरच्या गोधड्या खाली उतरतात. रंग उडालेली एखादी मग थेट घंटागाडीत जाते. फार वाईट वाटतं, कारण रंग जातो तो वरच्या थराचा. आतली लुगडी, धोतरं बहुतेकदा धड असतात.

म्हणून टाकण्याआधी तपासा. वरचं कापड दोन्ही चिमटीत धरून हलकेच ताणा. फरकन फाटलं तर तो थर विरलाय. फाटलं नाही आणि नुसता दोरा तुटलेला दिसला, तर टाके घालून गोधडी आणखी कित्येक वर्षं वापरता येते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं धुताना. उसवलेली गोधडी तशीच भिजवली की आतले थर सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात, मग ते सरळ करणं कठीण. आधी टाके, मग पाणी. घरच्या मशीनमध्येही घालू नका. भिजलेल्या गोधडीचं वजन तिला पेलत नाही आणि पिळताना जुना दोरा तटातट तुटतो. बाथरूमच्या फरशीवर, थंड पाण्यात, सौम्य साबण लावून पायांनी तुडवा आणि पाणी दाबून काढा. डागांसाठी ब्लीच नको, जुनं सुती कापड त्याने आणखी कमजोर होतं. आणि जागा मोठी आहे म्हणून गोदाघाटावर तर अजिबात नेऊ नका. नदीला आपल्या साबणाची भर नको.

एकाच दोरीवर लोंबत टाकली की ओल्या वजनाने मधले टाके ताणतात. दोन-तीन दोऱ्यांवर किंवा बाजेवर पसरा, चांगली बाजू खाली. घटस्थापनेआधी गोधड्या धुवायची रीत आहे, पण पाऊस रेंगाळला असेल तर सरळ ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघा. वरून कोरडी लागलेली गोधडी आत ओली राहिली, तर कुबट वास येतो आणि बुरशी धरते.

विटकी बाजू झाकायला घरात पडून असलेली सिंथेटिक साडी लावणं ही नेहमीची चूक. ती शिवताना घसरते, घाम टिपत नाही आणि धुतल्यावर सुती थर आटला की वर फुगे धरते. वापरून मऊ झालेली सुती साडीच घ्या. नवं सुती कापड असेल तर आधी धुऊन आटवा. मधून कडेकडे कच्चे टाके घालत झोळ काढा, मग बारीक धावदोरा. दोराही सुतीच हवा, पॉलिस्टरचा दोरा विरत आलेल्या कापडाला कापत जातो.

आजीच्या हातची नक्षी असेल तर ती बाजू झाकू नका. नवा थर मागून लावा.

रजईला मात्र हे नियम लावू नका. तिच्यात सुटा कापूस असतो, धुतला की त्याचे गोळे होतात. खोळ उसवून तेवढीच धुवा आणि कापूस गादीवाल्याकडून पिंजून घ्या.

अगदीच विरलेल्या गोधडीचे धड तुकडे पायपुसण्याला किंवा इस्त्रीखाली घालायला कापून घ्या. कुणाला द्यायची असेल तर धुऊन, टाके घालून, खडखडीत वाळवूनच द्या.