पाहुण्यांना नागपूर कसं खाऊ घालायचं

माझं माहेर नागपूरच्या महाल भागातलं, त्यामुळे पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना फिरवायचं काम माझ्याकडेच येतं. माझं म्हणणं एकच, नागपुरात दुकानाआधी घड्याळ पाहायचं.

सकाळी घरी नाश्ता करूच देऊ नका. आठच्या आत कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खायला न्या. पातेल्यात काळ्या हरभऱ्यांचा रस्सा उकळत असतो आणि वर लाल तेलाचा तवंग चढलेला असतो, तीच तर्री. पोहेवाला डावाने तवंग जरा बाजूला सारतो, खालचे चणे पोह्यांवर घालतो, मग वरून तर्री सोडतो. नवखा माणूस असेल तर सरळ सांगायचं, "भैया, चना ज्यादा, तर्री कम." कांदा-लिंबू मागून घ्यायचं. उशिरा गेलात तर पोहे गोळा झालेले असतात.

मग तिथूनच मेट्रोत बसा, सीताबर्डीला गाडी बदला आणि चितार ओळी चौकात उतरा. गणपतीआधीचे दिवस असले तर मूर्तिकारांच्या दारात थोडं थांबाच. पुढे इतवारी पायीच बरी. तिथे किराण्याच्या दुकानातून खडा मसाला घ्या: दगडफूल, खसखस, काळी मिरी आणि जवस. दगडफूल हातावर चोळून वास घ्या. वास आला नाही तर पुढचं दुकान गाठा. तयार सावजी मसाल्याची पूड मी कुणालाच घेऊ देत नाही, घरी भाजून वाटलेल्याची सर तिला नाही.

हिवाळा असेल तर दुपारी सांबारवडी. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे आधीच सांगून ठेवा.

रात्री सावजी. हे हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण, हातमाग चालवणाऱ्या माणसांचं. जागा साधी असली तरी चालेल, मात्र गर्दी घरच्यासारख्या लोकांची हवी. मटण मागवा, रस्सा थोडाच वाढून घ्या. तिखट आधी कळत नाही, चौथ्या घासाला कानापर्यंत चढतं. पाणी पिऊ नका, पोळीचा घास घ्या. लांबपोळी मिळाली तर सोडूच नका. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांब करतात आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकतात. माझी आजी करायची. ती पोळी मडक्यावर पडताना होणारा आवाज मला अजून ऐकू येतो.

संत्री शेवटच्या दिवशी घ्या. संत्र्याला वर्षात दोनदा बहार येतो: आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. मला मृगाची जास्त गोड लागतात. एका विक्रेत्याने मला वर चांगली आणि खाली सुकलेली भरून दिली होती. तेव्हापासून एकेक फळ हातात घेऊन पाहते. हाताला जड लागलं तर रस आहे. साल फुगलेली आणि फळ हलकं असेल तर ते परत ठेवायचं. संत्रा बर्फीही गाडीच्या दिवशीच घ्या, आणि डब्याच्या तळाशी जुना वर्तमानपत्राचा कागद नको, केळीचं पान घाला.