सामाका कथा ध्वनिमुद्रित करायच्या तर

मळ्यांतल्या गुलामीतून निसटून रानात वस्ती केलेले ते मॅरून. सुरिनाममधल्या त्यांच्या सामाका समाजाच्या गोष्टी जपायच्या म्हणून कुणी रेकॉर्डर घेऊन थेट एखाद्या आजोबांपुढे बसतो, आणि तिथेच काम बिघडते. आधी गावाची परवानगी. काबितेनीकडे, म्हणजे गावप्रमुखाकडे, त्याच्या बासियामार्फत, म्हणजे मदतनिसामार्फत, निरोप पाठवा आणि क्रुतू, म्हणजे गावची बैठक, मागा. बैठकीत काय मुद्रित करणार, प्रती कुठे राहणार, त्या कोण ऐकणार आणि पैसे मिळालेच तर कुणाचे, हे स्पष्ट सांगा. उत्तर लगेच मिळेलच असे नाही. आत्योनी या ठिकाणी रस्ता संपतो, पुढे नावेनेच जायचे. परतीची नाव ठरवताना दोन-तीन दिवस हाताशी ठेवा.

काय विचारायचे नाही, हेही तिथेच विचारून घ्या. पळून जाण्याचा आणि लढायांचा काळ म्हणजे फेसितेन. 1762 साली डचांशी झालेला तह ही त्या काळाची अखेर. हे ज्ञान जपून, तुकड्यातुकड्याने दिले जाते आणि ते कुळाकुळाचे असते. एका कुळाची हकिकत दुसऱ्या कुळातल्या माणसाच्या तोंडून मुद्रित केलीत, तर भांडण लावून द्याल. प्रत्येक फाइलला तीनपैकी एक खूण ठेवा: सर्वांसाठी, गावापुरती, कुळापुरती. ‘बंद कर’ म्हटले की बंद, खिशातला फोनसुद्धा.

कोंतू, म्हणजे लोककथा, रात्री, बहुधा मृत्यूनंतरच्या जागरणात सांगतात. सांगणारा ‘मातो!’ म्हणतो, ऐकणारे ‘तोंगोनी!’ म्हणतात. मग एक जण प्रत्येक वाक्याला हुंकार देत राहतो आणि मध्येच कुणीतरी गोष्ट अडवून, आपण तिथे होतो असे सांगत, गाणे घालतो. नवखे लोक कॉलरचा माइक फक्त सांगणाऱ्याला लावतात. घरी येऊन ऐकावे तर एक माणूस शून्यात बोलतोय! हुंकार देणाराही कथेचा अर्धा धनी आहे. एक रेकॉर्डर सांगणाऱ्यापासून मीटरभरावर, दुसरा ऐकणाऱ्यांच्या बाजूला तोंड करून ठेवा.

48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओत तासाला साधारण 1 जीबी लागतो, म्हणून रात्रभरासाठी प्रत्येक रेकॉर्डरला 32 जीबीचे कार्ड पुरते. बोलण्याचा आवाज चढेल तिथे पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. ढोल किंवा समूहगान अचानक सुरू झाले की याहून वर ठेवलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. विजेवर विसंबू नका, सेलचे दोन जादा संच न्या. जनरेटर आणि नावेचे इंजिन यांच्यापासून लांब बसा. पत्र्यावर पाऊस आला तर थांबा. ओलाव्यासाठी घट्ट डब्यात सिलिका जेल हवेच.

सुरुवातीलाच तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव आवाजात बोलून ठेवा. नाव अर्थात त्याची हरकत नसेल तर.

लिहून काढायचे काम त्याच गावच्या माणसाला द्या, मजुरी आधी ठरवून. सामाका भाषेत स्वराच्या चढ-उताराने अर्थ बदलतो. परका माणूस नेमका तोच गाळतो. डच भाषांतर वेगळ्या स्तंभात.

गावाची प्रत एमपी3 मध्ये, फोनवर चालेल अशी द्या. नुसती हार्ड डिस्क दिलीत तर ती कपाटात पडून राहते.

गोष्टींत ओढे, जुन्या वस्त्या, शेताच्या जागा येतात. त्यांची नावे गावकऱ्यांबरोबर फिरून जीपीएसने नोंदवा. हे हौसेचे काम नव्हे: 2007 साली आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने सामाकांच्या बाजूने निकाल देऊन सुरिनामला त्यांच्या जमिनीच्या हद्दी आखून सामूहिक मालकी द्यायला सांगितले. हद्दीच्या कामात अशी नावे उपयोगी पडतात. नकाशा गावाच्या ताब्यात राहू द्या, आणि पूजेच्या जागांचे जीपीएस आकडे तुमच्या स्वतःच्या प्रतीतूनही काढून टाका.