पेंटेकॉस्टची तयारी : गावातल्या घरात नऊ दिवसांची नोव्हेना कशी करावी

मे महिना म्हणजे आमच्याकडे लग्नसराई, पराट्या वेचून मोकळी झालेली वावरं आणि दुपारी बारानंतर बंद झालेली दारं. नेमका याच दिवसांत पेंटेकॉस्ट येतो, येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्याचा सण. नाताळला घराघरावर चांदणी लागते, गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेची भक्ती बघायला शेजारपाजारचेही येतात. पवित्र आत्म्याचा सण मात्र एका रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, उरकून जातो. मला हे मनापासून खटकतं, कारण ख्रिस्तसभेचा जन्म याच दिवशी झाला असं आपण मानतो.

गावात फादर महिन्यातून एकदोनदाच येतात, मग तयारी कशी करायची, असं लोक विचारतात. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडून पाहा. प्रभू येशूचं स्वर्गारोहण झाल्यावर शिष्य जैतुनाच्या डोंगरावरून यरुशलेमला परतले आणि एका माडीवर राहिले. सोबत बायका होत्या, येशूची आई मरिया होती, त्याचे नातेवाईक होते. पुढे त्याच अध्यायात जमलेल्यांचा आकडा सुमारे 120 दिला आहे. एक घर, एकत्र आलेली माणसं आणि वाट पाहणं, एवढंच त्यांच्याजवळ होतं. जगातली पहिली नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, ती. घर आपल्याकडेही आहे.

पहिलं काम : तारीख नीट मोजा

पेंटेकॉस्ट म्हणजे पन्नासावा. ईस्टरचा रविवार पहिला धरून मोजलं की पन्नासावा दिवस पुन्हा रविवारीच येतो. 2026 मध्ये ईस्टर 5 एप्रिलला, म्हणून पेंटेकॉस्ट 24 मे. 2027 मध्ये 16 मे, 2028 मध्ये 4 जून. हा मूळचा यहुदी लोकांचा कापणीचा सण, गव्हाच्या पहिल्या पिकाचं अर्पण करण्याचा. म्हणून त्या दिवशी यरुशलेमात देशोदेशीची माणसं जमली होती.

इथे एक चूक बऱ्याच ठिकाणी होते. स्वर्गारोहण ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी येतं, पण सोयीसाठी अनेक धर्मप्रांतांत ते पुढच्या रविवारी साजरं करतात. मग लोक सोमवारी नोव्हेना सुरू करतात आणि हाती सहाच दिवस उरतात. मिस्सा रविवारी असली तरी नोव्हेना शुक्रवारीच सुरू करा. 2026 चा हिशोब : शुक्रवार 15 मे ते शनिवार 23 मे, पूर्ण नऊ दिवस.

या नोव्हेनामागे एका बाईची चिकाटी आहे. इटलीतल्या लुक्का शहरातल्या सिस्टर एलेना गुएरा यांनी पोप तेरावे लिओ यांना पत्रं लिहून कळवळून सांगितलं, की लोक पवित्र आत्म्याला विसरलेत. 1897 साली पोपनी पवित्र आत्म्यावर परिपत्रक काढलं आणि दरवर्षी पेंटेकॉस्टआधी सगळ्या पॅरिशमध्ये, म्हणजे धर्मग्रामांत, नोव्हेना करायला सांगितलं. 20 ऑक्टोबर 2024 रोजी पोप फ्रान्सिस यांनी एलेना गुएरांना संत म्हणून घोषित केलं. आपल्या ओसरीवरच्या प्रार्थनेत त्यांचं नाव एकदा तरी घ्या.

दुसरं काम : जागा आणि वेळ

वेळ ठरवताना उन्हाचा विचार आधी. दुपारी प्रार्थना ठेवली तर कोणी येणार नाही, आलं तर पेंगेल. पहाटे पाच किंवा सांजच्याला ढोरं बांधून झाल्यावर, या दोन वेळा चालतात. आम्ही सांजेची धरतो. अंगणात पाणी शिंपडायचं, सतरंजी टाकायची, म्हाताऱ्यांसाठी बाज. पाटावर लाल कापड, कारण पेंटेकॉस्टचा रंग लाल. त्यावर बायबल, मेणबत्ती आणि पाण्याचा तांब्या. लाईट गेली तरी अडत नाही, उलट मेणबत्तीच्या उजेडात पोरं जास्त शांत बसतात. वारा सुटला तर कंदिलाची काच वापरा.

घरात लग्न असेल तर? तेव्हाही करा. मांडवात दहा मिनिटं बसता येतं. पाहुण्यांना वाईट वाटेल ही भीती मी धरली होती. तसं काही झालं नाही, पाहुणेच बसले.

तिसरं काम : रोजचा क्रम

क्रम छोटा ठेवा, पंचवीस मिनिटांच्या वर नको. आधी क्रुसाची खूण. मग पवित्र आत्म्याला बोलावणं : हे पवित्र आत्म्या, ये, आमची मनं भर, तुझ्या प्रेमाचा विस्तव आमच्यात पेटव. प्रार्थनापुस्तकातली ठरलेली प्रार्थना असेल तर तीच म्हणा. मग त्या दिवसाचा उतारा, आणि तो वाचायला दरवेळी वेगळा माणूस. अडखळत वाचणाऱ्या पोरालाही द्या.

वाचून झालं की पाच मिनिटं गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. पहिल्या दिवशी लोक एकमेकांकडे पाहतात, कोणीतरी खोकतं, कोणी मोबाईल काढतं. तरी मध्ये गाणं सुरू करू नका, बोलू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या शांततेची सवय होते आणि मग ती लवकर संपली असं वाटायला लागतं. गप्प बसल्यावर प्रत्येकानं मनात एकच विचारायचं : आज देवानं मला कोणाकडे पाहायला सांगितलं आणि मी पाहिलं नाही? शेवटी जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा मणी, मरियेसोबत, कारण त्या माडीवर ती होती.

चौथं काम : नऊ दिवसांना नऊ विषय

आत्म्याची दानं सात, दिवस नऊ. आम्ही पहिला दिवस एकत्र येण्याचा धरतो, शेवटचा जागरणाचा, आणि मधले सात दिवस एकेका दानाचे : शहाणपण, समज, सल्ला, बळ, ज्ञान, भक्तिभाव, देवाचं भय. यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायात ही दानं आहेत. मराठी बायबलमध्ये मोजाल तर सहाच सापडतील. भक्तिभाव हे सातवं जुन्या ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांतून आलं आहे, तुमची मोजणी चुकलेली नाही.

शहाणपण, समज, ज्ञान यांवर धर्मशिक्षणाच्या धड्यात पुष्कळ मिळतं. मला सल्ल्याच्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. याच पंधरवड्यात आपल्याकडे वर्षाचे निर्णय होतात : कापूस किती, सोयाबीन किती, कोणतं बियाणं, पीककर्ज किती, सावकाराकडे जायचं की नाही. हे निर्णय बहुतेक वेळा एकटा माणूस कृषी केंद्राच्या काउंटरवर उभा राहून घेतो आणि घरी येऊन सांगतो. त्या सांजेला प्रार्थनेनंतर नवराबायको दोघांनी वही घेऊन बसा. पोरं मोठी असतील तर त्यांनाही बसवा. गेल्या वर्षीचा खर्च लिहा, देणं लिहा, कोणापासून काय लपवलं ते सांगा. सल्ला हे दान आकाशातून चिठ्ठी पडावी तसं मिळत नाही. घरातलं दुसरं माणूस तोंड उघडतं तेव्हा बहुधा ते मिळतं, आणि आपण त्याला बोलू देत नाही.

बळाच्या दिवशी घरात बसू नका. आपल्या भागात कर्जापायी कर्ता माणूस गेलेली घरं आहेत, प्रत्येक पंचक्रोशीत आहेत. त्या घरी जा. उपदेश नको, बायबलचं वचन फेकणं तर मुळीच नको. चहा घ्या, त्या बाईला यंदा वखरणीला कोण येणार ते विचारा, जमत असेल तर एक दिवस आपली जोडी किंवा ट्रॅक्टर द्या. आणि आपल्याच घरात कोणी गप्प गप्प झालं असेल, जेवत नसेल, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच्याशी सरळ बोला, डॉक्टरकडे न्या. हेही नोव्हेनाचंच काम आहे.

देवाचं भय म्हणजे देव मारील ही भीती नव्हे. धाकाची सवय आपल्याला फार आहे, म्हणून पोरांना हे नीट समजावून सांगा. आपल्या आईचं मन दुखेल म्हणून आपण खोटं बोलत नाही, तसलं ते भय.

पाचवं काम : बोलणं बंद असेल ते सुरू करा

पेंटेकॉस्टच्या दिवशी काय घडलं? वाऱ्यासारखा आवाज आला, विस्तवाच्या जिभा दिसल्या, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यानंतर प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक सांगतो, की जमलेल्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. तुटलेलं बोलणं जुळलं. म्हणून ज्याच्याशी आपलं बोलणं बंद आहे त्याला टाळून या सणाची तयारी होऊ शकत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

माझं चुलतभावाशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाजलं होतं. दोन पावसाळे आम्ही समोरासमोर आलो की एक जण रस्ता बदलायचा. नोव्हेनाच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे समज या दानाच्या दिवशी, मी नेहमीसारखा उतारा वाचला आणि गप्प बसण्याच्या पाच मिनिटांत मला दुसरं काहीच आठवेना. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या घरी गेलो. पाणी मागितलं. धुऱ्याचं नाव काढलं नाही, त्यानंही काढलं नाही, म्हशीच्या दुधावर बोललो. तो प्रार्थनेला आला नाही. सातव्या दिवशी त्याची पोरगी आली आणि तिनं उतारा वाचला. धुऱ्याची मोजणी अजून व्हायची आहे.

तुम्हीही असंच लहान पाऊल उचला. वाद मिटवायला जाऊ नका, पाणी मागायला जा.

याच दिवसांत कन्फेशनही, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, उरका. प्रायश्चित्त संस्काराला फादर हवेतच, म्हणून त्यांना आधी फोन करून वेळ विचारा आणि वाडीतली चारपाच माणसं मिळून एकाच ऑटोनं जा. जाण्याआधी रात्री प्रत्येकानं एकट्यानं वर्षभराचा विचार करावा. कागदावर लिहिलं तर नंतर तो चुलीत घालावा.

सहावं काम : शनिवारची रात्र

शनिवारच्या जागरण मिस्सेला चर्चनं जुन्या करारातले चार उतारे ठेवले आहेत : बाबेलचा बुरूज, सीनाय डोंगरावरचा विस्तव, यहेज्केलच्या दरीतली वाळलेली हाडं आणि योएलची भविष्यवाणी. मिस्सा नसेल तर हेच अंगणात वाचा. यहेज्केलचा सदतिसावा अध्याय मात्र सावकाश. भेगा पडलेलं वावर दिवसभर पाहिलेल्या माणसाला ती दरी समजावून सांगावी लागत नाही.

आमच्याकडे त्या रात्री कृत्यांचा दुसरा अध्याय सगळे आपापल्या बोलीत वाचतात. एक जण वऱ्हाडीत सांगतो, कोलामी बोलणारी आजी कोलामीत, केरळहून आलेल्या सिस्टर मल्याळममध्ये. मेळघाटात कोरकू असेल, गडचिरोलीकडे गोंडी. लिखित भाषांतर नसलं तरी चालतं. पोरांना आधी मराठीत ऐकवा, मग आजीला तिच्या शब्दांत सांगू द्या. ज्या बोलीची शाळेत लाज वाटते तीत देवाचं वचन ऐकल्यावर पोरांचे चेहरे बघा.

सातवं काम : रविवार आणि त्यानंतरचा सोमवार

रविवारी लाल काहीतरी घाला, ओढणी किंवा रुमाल. उपास नको, सण आहे. गोड करा, एक डबा शेजारी द्या. ईस्टरपासून वेदीजवळ उभी असलेली पास्काची मोठी मेणबत्ती या दिवसानंतर बाप्तिस्म्याच्या जागी हलवतात. पोरांना जवळ नेऊन दाखवा. पुढच्या बाप्तिस्म्याला आणि मयताला ती पुन्हा पेटते हेही सांगा. तुम्ही चांदा धर्मप्रांतातले असाल, तर तिथल्या सिरो-मलबार विधीत, म्हणजे केरळातल्या जुन्या उपासनापरंपरेत, पेंटेकॉस्टपासून प्रेषितांचा काळ सुरू होतो. लॅटिन विधीत सोमवारपासून सामान्य काळ लागतो, आणि 2018 पासून हाच सोमवार ख्रिस्तसभेची माता मरिया हिच्या स्मृतीचा आहे.

सोमवारी सांजच्याला त्याच वेळी, त्याच सतरंजीवर पुन्हा बसा. लाल कापड काढून ठेवलेलं असेल, नोव्हेना संपलेली असेल. जपमाळ म्हणा, आणि नऊ दिवसांत कोण आलं नाही त्यांची नावं आठवून उद्या कोणाच्या घरी कोण जाणार ते ठरवा.