उद्याचं इंग्रजी बोलताना या चुका टाळा

‘आय केम मॅडम, आय केम!’ असं फोनवर ओरडून सांगणारा मुलगा तेव्हा परळला, आमच्या क्लासच्या जिन्यात उभा होता. शेवटचं पार्सल खाली बाइकवर होतं आणि ते पोहोचवायचं होतं वरळीला. पलीकडच्या बाई बिचाऱ्या गेटपर्यंत उतरल्या, वॉचमनला विचारून आल्या आणि पाच मिनिटांनी त्यांनी डिलिव्हरी बॉय खोटं बोलतो म्हणून तक्रार ठोकली. त्याच्या डोक्यात ‘आलो, आलो’ होतं. आपण ‘आलो’ अंथरुणातूनही म्हणतो, आणि ‘निघालो’ म्हणजे बहुतेक वेळा चप्पल शोधतोय. मराठी ऐकणाऱ्याला ते कळतं. इंग्रजी ऐकणाऱ्याला ‘आय केम’ म्हणजे काम झालेलं, माणूस दारात. तिथे ‘आय्म ऑन माय वे’ किंवा ‘आय्ल बी देअर इन फिफ्टीन मिनिट्स’ हवं होतं.

‘येतो हं’ म्हणून निरोप घेणारेही असेच फसतात. ऑफिसातून निघताना ‘आय कम’ म्हटलं की समोरचा विचारतो, कुठे? तिथे नुसतं ‘सी यू टुमॉरो’ पुरतं.

माझ्या क्लासला दोन पिढ्या एकाच बाकावर बसतात. आपल्या राज्यात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधीच्यांचं ते पाचवीत सुरू व्हायचं. पण भविष्यकाळाचं कोष्टक दोघांनी एकच पाठ केलंय: ईन, ईल, तील म्हणजे विल. बहुतेक चुकांचं मूळ या एका ओळीत आहे.

विल नावाची सगळ्या कुलपांना लावलेली एकच किल्ली

इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा स्वतःचा प्रत्ययच नाही. ‘गो’चं भूतकाळी ‘वेंट’ होतं, भविष्यात मात्र ‘गो’ला काहीच चिकटत नाही, बाजूला दुसरा शब्द आणून बसवावा लागतो. ‘विल’ हा त्यातला एक. त्याचा जुना अर्थ इच्छा असणे. आपल्याकडे वकील लोक ज्याला ‘विल’ म्हणतात आणि कागदावर ‘इच्छापत्र’ लिहितात, तो शब्द याच घरातला. म्हणूनच मनात आत्ता आलेली गोष्ट, दिलेला शब्द, केलेला अंदाज अशा ठिकाणी ‘विल’ शोभतो. आधीच ठरून गेलेल्या गोष्टींसाठी इंग्रजी दुसरी रूपं वापरतं.

गंमत अशी की हा फरक मराठीत अगोदरपासून आहे. आपण तो दिवसभर पाळतो, फक्त इंग्रजी बोलायची वेळ आली की विसरतो. म्हणून वाक्य बोलण्याआधी व्याकरणाचं पुस्तक आठवू नका, तेच वाक्य घरी आईशी कसं बोलला असता ते आठवा.

‘शनिवारी दातांच्या डॉक्टरकडे जातेय’ असं तोंडात आलं, म्हणजे अपॉइंटमेंट घेतलेली आहे. इंग्रजीतही तेच रूप: ‘आय्म सीइंग द डेंटिस्ट ऑन सॅटर्डे.’ ‘यंदा गाडी चालवायला शिकणार आहे’ हा मनात पक्का झालेला बेत: ‘आय्म गोइंग टू लर्न ड्रायव्हिंग धिस इयर.’ आठ बाराची फास्ट आठ बाराला सुटते, ते आपल्या इच्छेवर नाही, टाइमटेबलवर आहे: ‘द ट्रेन लीव्ज ॲट एट ट्वेल्व्ह.’ (प्रत्यक्षात सुटते का, हा व्याकरणाचा प्रश्न नाही.) जूनच्या दुपारी वांद्र्याच्या खाडीवर आभाळ काळं झालंय आणि तुम्ही म्हणता ‘पडणार आता’, कारण पुरावा डोळ्यांसमोर आहे: ‘इट्स गोइंग टू रेन.’ मे महिन्यात घामाघूम होऊन ‘यंदा लवकर येईल पाऊस’ म्हणता, तो नुसता अंदाज: ‘आय थिंक द रेन्स विल कम अर्ली धिस इयर.’

इथे मराठी एकदा दगा देते. शेजारच्या काकूंच्या हातात दोन पिशव्या पाहून आपण म्हणतो, ‘द्या, मी घेतो.’ रूप वर्तमानाचं, म्हणून मुलं ‘आय टेक’ म्हणतात. पण तो विचार त्या क्षणी सुचलाय, आणि ‘विल’ची खरी जागा हीच: ‘आय्ल टेक दॅट.’ ‘करतो’, ‘बघतो’, ‘सांगते’, ‘पाठवते’ असा दिलेला शब्द असेल तिथे ‘आय्ल’ म्हणायची सवय लावा. त्यातला शेवटचा ‘ल’ इंग्रजी माणूस जेमतेम उच्चारतो. आपल्या कानाला तो ऐकूच येत नाही, आणि मग आपण ‘आय कॉल यू टुमॉरो’ असं लिहून मोकळे होतो.

बँकेत काम करणाऱ्या एकीने साहेबांना विचारलं, ‘सर, विल यू कम टुमॉरो?’ ते चपापले. तिला विचारायचं होतं ‘उद्या येणार आहात का?’ आणि विचारलं गेलं ‘उद्या याल का?’ पहिलं म्हणजे चौकशी, दुसरं म्हणजे विनंती. चौकशीसाठी ‘आर यू कमिंग टुमॉरो?’ पुरेसं आहे; आणखी अदब हवी असेल तर ‘विल यू बी कमिंग टुमॉरो?’

की, तर आणि पर्यंत

वही तपासताना लाल पेन सगळ्यात जास्त इथे चालतं. ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम.’ ‘इफ इट विल रेन, वी विल टेक अ टॅक्सी.’ दोन्ही चूक. ‘व्हेन’, ‘इफ’, ‘ॲज सून ॲज’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’ यांच्यामागे वेळेचं किंवा अटीचं वाक्य आलं, की त्यात ‘विल’ बसत नाही, साधा वर्तमानकाळ येतो. ‘व्हेन ही कम्स, आय्ल टेल हिम.’ ‘इफ इट रेन्स, वील टेक अ टॅक्सी.’

हा नियम पाठ होत नाही अशी तक्रार कायम येते. पाठ करू नका, मराठी वाक्य पुन्हा बोलून बघा. तुम्ही काय म्हणता? ‘तो आला की सांगते.’ ‘पाऊस पडला तर टॅक्सी करू.’ ‘पाऊस पडेल तर’ असं कोणी म्हटलं तर ते हिंदीवरून आलेलं वाटतं आणि कानाला खटकतं. म्हणजे अटीच्या अर्ध्या वाक्यात ‘ईल’ नको हे तुमच्या जिभेला माहीत आहे. फक्त तिथे आपण ‘आला’, ‘पडला’ असं भूतकाळी रूप घालतो आणि इंग्रजी ‘कम्स’, ‘रेन्स’ घालतं. नाहीतर ‘पाऊस पडला’चं सरळ ‘इफ इट रेन्ड’ करणारेही आहेत. त्याचा अर्थ पावसाची फारशी शक्यताच नाही असा होतो, आणि जुलैत मुंबईत ते विनोदी वाटतं.

खरा खड्डा ‘पर्यंत’चा आहे. ‘तो येईपर्यंत थांब’ या वाक्यात ‘येई’ दिसतं. त्यातली ‘ई’ आपल्याला ‘विल’कडे ओढते आणि ‘वेट अंटिल ही विल कम’ तयार होतं. बरोबर वाक्य: ‘वेट अंटिल ही कम्स.’

इतकं समजलं की पोरं दुसऱ्या टोकाला जातात. ‘व्हेन’ दिसला की ‘विल’वर फुली मारतात. मग ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ यातलाही ‘विल’ खोडतात, आणि तो तर बरोबर होता! इथे पुन्हा मराठीची कसोटी लावा. त्या ‘व्हेन’चं मराठी ‘कधी’ होत असेल तर ‘विल’ चालतो: तो कधी येईल माहीत नाही. ‘जेव्हा’ किंवा ‘की’ होत असेल तर नाही: तो आला की सांग. ‘इफ’चंही तसंच. ‘आय डोन्ट नो इफ शी विल ॲग्री’ यातला ‘इफ’ म्हणजे ‘तर’ नाही, तो ‘की नाही’ आहे: ती तयार होईल की नाही कोण जाणे. फळ्यावर मी ‘कधी’ आणि ‘की’ एवढेच दोन शब्द लिहून ठेवते, आणि बाकी व्याख्या पुसून टाकते.

‘पर्यंत’ आणखी एका ठिकाणी पाय घसरवतो. ‘शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे’ आणि ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देते’ या दोन्हींत आपला शब्द एकच. इंग्रजीत पहिल्याला ‘टिल फ्रायडे’, दुसऱ्याला ‘बाय फ्रायडे’. ‘आय्ल गिव्ह यू द रिपोर्ट टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत मी रोज रिपोर्ट देतच राहणार. काम त्या दिवसापर्यंत सतत चालणार असेल तर ‘टिल’, त्या दिवसाच्या आत एकदाच उरकायचं असेल तर ‘बाय’. तोवर संपलेलं असेल असं सांगायचं तर ‘आय्ल हॅव फिनिश्ड इट बाय फ्रायडे’. मराठीतलं ‘झालेलं असेल’ बरोबर या जागी बसतं.

नकार देताना

इंटरव्ह्यूत एकाला विचारलं, पुण्याला बदली चालेल का? त्याला जायचं होतं. तो म्हणाला ‘आय वॉन्ट गो’, आणि समोरच्यांनी ‘आय वोन्ट गो’ ऐकलं. ‘टू’ गाळला आणि ‘वॉन्ट’ व ‘वोन्ट’ सारखेच उच्चारले, की होकाराचा नकार होतो. ‘विल नॉट’चं ‘वोन्ट’ म्हणताना ओठ गोल करा, ‘ओ’ लांबवा. ‘वॉन्ट’ला तोंड उघडं ठेवा आणि मागे ‘टू’ विसरू नका.

‘वोन्ट’चा आणखी एक उपयोग कुठल्याच कोष्टकात सापडत नाही. खोलीचं दार फुगलंय, ढकलतोय तरी ‘उघडेना’. बाइक ‘सुरू होईना’. हे ‘एना’ म्हणजे जणू ती वस्तू हट्टाला पेटलीय. ‘द डोअर वोन्ट ओपन’, ‘द बाइक वोन्ट स्टार्ट’. वेळ आत्ताची आहे, तरी ‘वोन्ट’, कारण त्यातली जुनी इच्छा अजून शिल्लक आहे.

काही किरकोळ

‘विल’नंतर क्रियापद साधंच: ‘ही विल कम्स’ नाही, ‘आय विल गोइंग’ नाही, ‘विल टू गो’ तर नाहीच. ‘विल कॅन’ नसतं, ‘विल बी एबल टू’ असतं. ‘विल मस्ट’ नसतं, ‘विल हॅव टू’ असतं.

‘आय शॅल, यू विल’ हे जुन्यांनी घोकलेलं कोष्टक १६५३ साली जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने लॅटिनमध्ये लिहिलेल्या व्याकरणात आहे. अनंताचं आडव्या आठसारखं चिन्ह वापरात आणणारे तेच हे गृहस्थ. आज बोलताना ‘शॅल’ची एकच जागा लक्षात ठेवली तरी भागतं: ‘दार उघडू का?’ म्हणजे ‘शॅल आय ओपन द डोअर?’ आणि ‘निघूया का?’ म्हणजे ‘शॅल वी गो?’ तिथे ‘विल आय ओपन’ म्हणू नका.

सराव कुठे बिघडतो

गाळलेल्या जागा. ‘टुमॉरो आय डॅश टू पुणे’ असं वाक्य देऊन कंसात ‘गो’ लिहिलेलं असतं, आणि मागच्या पानावर एकच उत्तर. वास्तविक तिकीट काढलंय की आत्ताच सुचलंय हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. तुमचं उत्तर मागच्या पानाशी जुळलं नाही म्हणजे ते चूकच, असं मुळीच नाही.

त्याऐवजी मी ट्रेनमधला सराव देते. व्हॉट्सॲप उघडा, घरच्या ग्रुपवर तुम्ही स्वतः लिहिलेले उद्याबद्दलचे पाच मेसेज शोधा आणि एकेकाचं इंग्रजी करा. दादर ते अंधेरी एवढ्यात होतं. क्लासमधल्या एका नर्सताईंचा मेसेज होता, ‘ड्युटी संपली की कॉल करते, रात्री उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या.’ त्यांनी केलं: ‘आय्ल कॉल व्हेन माय ड्युटी एन्ड्स. आय्ल बी लेट. प्लीज ईट.’ एकही चूक नाही. पुढचा मेसेज मुलाला होता, त्याने नवा फोन मागितला होता आणि आईने एका शब्दात उत्तर दिलं होतं: ‘बघू.’ यावर त्या अडल्या. ‘वील सी’, मी म्हटलं. इंग्रजी आयासुद्धा हेच म्हणतात, आणि त्यांच्या मुलांनाही त्याचा अर्थ ‘नाही’ असाच कळतो.