वणव्यानंतर घरी परतताय? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

इव्हॅक्युएशनची ऑर्डर, म्हणजे घर सोडून जायचा आदेश, उठली असा मेसेज आला की डोक्यात एकच येतं, गाडी काढायची आणि घर गाठायचं. साहजिक आहे, कित्येक दिवस कुणाच्या तरी सोफ्यावर नाहीतर हॉटेलात काढलेले असतात, मुलं कंटाळलेली असतात, घर उरलंय की नाही हेही कधी कधी धड माहीत नसतं. पण आग विझली तरी धोका संपत नाही, तो राखेत, नळाच्या पाण्यात, भिंतींत बसून राहतो आणि डोळ्यांना दिसत नाही. वणव्यातून परतलेल्या लोकांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये मी बराच काळ आहे, तिथे नवीन लोक जे प्रश्न घेऊन येतात त्यावरून सांगते, बहुतेक चुका पहिल्या एक-दोन दिवसांच्या घाईत होतात. त्यामुळे हे पक्कं ठरवून निघा की पहिली फेरी फक्त बघायला आणि फोटो काढायला आहे. साफसफाई नंतर.

ऑर्डर उठायच्या आधी आडरस्त्यानं घुसणं

"आग तर कधीच विझली, मग रस्ता बंद का?" हा प्रश्न रोज येतो. रस्ता बंद असतो कारण झाडं पडत असतात, तारा लोंबत असतात, गॅसच्या टाक्या गळत असतात. बुंध्यापाशी जळालेलं झाड उभं दिसतं पण वारा नसतानाही कोसळू शकतं, म्हणून त्याखाली गाडी लावू नका आणि रेंगाळूही नका. पडलेली तार जिवंतच आहे असं धरून चाला.

याहून फसवे असतात ते राखेचे खड्डे. मोठ्या झाडाची मुळं जमिनीखाली कित्येक दिवस धुमसत राहतात, वरून दिसते ती सपाट, पांढरट, मऊ राख, धूरही नसतो, आणि पाय टाकला की तो नडगीपर्यंत आत जातो आणि आत निखारे असतात. हातात लांब काठी ठेवा, जळालेल्या बुंध्याभोवतीची जमीन टोचून बघितल्याशिवाय पाय टाकू नका, जाड तळव्याचे बूट घाला, आणि कुत्र्याला किंवा लहान मुलांना पहिल्या फेरीला नेऊ नका म्हणजे नकाच.

बऱ्याच ठिकाणी आधी फक्त रहिवाशांना सोडतात, त्यामुळे पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा, लायसन्सवर जुना पत्ता असेल तर विजेचं बिल घ्या, नाहीतर नाक्यावरून परत फिरावं लागतं. आणि घर बघायला ड्रोन उडवा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. 2025 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आगीवर पाणी टाकणाऱ्या विमानाला असाच एक खासगी ड्रोन धडकला, विमानाच्या पंखाला भोक पडलं आणि ऐन आगीत ते जमिनीवर बसवावं लागलं.

घर उभं आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं समजणं

आत शिरायच्या आधी बाहेरून एक चक्कर मारा. छप्पर, पन्हळी, डेकच्या खालची जागा, माळा, जिथे वाळका पाला साठतो तिथे ठिणगी दबून असू शकते, आणि हे एकदा बघून भागत नाही, पुढचे काही तास मधूनमधून बघत राहा. गॅसचा वास आला तर स्विचला हात न लावता बाहेर या आणि लांब जाऊन फोन करा. गॅस कंपनीनं मीटर बंद केला असेल तर तो त्यांनाच चालू करू द्या. मेन स्विच बंद असला तरी छपरावरचे सोलर पॅनल ऊन असेपर्यंत वीज तयार करतच असतात, त्यांच्या वायरिंगपासून लांब राहा. जनरेटर लावणार असाल तर घरापासून किमान 20 फूट लांब, खिडकीजवळ किंवा गॅरेजमध्ये अजिबात नाही, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यानं माणूस झोपेतच जातो.

घर जळालंय आणि आगीपासून वाचवणारी तिजोरी तेवढी उरलीय असं झालं तर ती लगेच उघडायचा मोह आवरा. आत तासन्‌तास उष्णता कोंडलेली असते, दार उघडलं की हवा आत जाते आणि इतका वेळ वाचलेले कागद तुमच्या डोळ्यांदेखत पेट घेऊ शकतात. पूर्ण गार होऊ द्या, एक दिवस थांबलात तर काही बिघडत नाही.

राख झाडूनं झाडणं

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. घरात शिरलं, ओट्यावर खिडकीत राखेचा थर दिसला, की हात आपोआप झाडूकडे जातो. झाडू नका, ब्लोअर लावू नका, साधा व्हॅक्यूमही नको, कारण त्याच्या फिल्टरमधून बारीक कण सरळ परत हवेत येतात आणि तुमच्या छातीत जातात. ही काही चुलीतली लाकडाची राख नाहीये, आजूबाजूची घरं जळालेली असतात, म्हणजे त्यात जुना रंग, वायरी, फर्निचर, बॅटऱ्या, गाड्या असं सगळं जळून आलेलं असतं, शिसं आणि आर्सेनिक असू शकतं, जुन्या बांधकामात ॲस्बेस्टॉसही. शिवाय राख अल्कधर्मी असते, ओल्या कातडीवर बसली की जळजळते, फोडही येतात.

मग करायचं काय, तर राखेवर हलका पाण्याचा फवारा मारायचा, चिखल होईल इतका नाही, मग ओल्या फडक्यानं किंवा मॉपनं पुसायचं, फडकं वारंवार बदलायचं, वरून खाली यायचं. व्हॅक्यूम हवाच असेल तर हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा. पाईप लावून राख रस्त्यावरच्या गटारात ढकलू नका, ती पुढे ओढ्यात नाहीतर नदीत जाते. एन95 मास्क लावा, कापडी आणि सर्जिकल मास्क इथे कामाचे नाहीत, आणि दाढी असेल तर एन95 नीट बसत नाही हे लक्षात घ्या. एन95 कण अडवतो, वायू अडवत नाही, त्यामुळे मास्क लावूनही डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर बाहेर मोकळ्या हवेत या. हातमोजे, पूर्ण बाह्या, बूट दाराबाहेर, कामाचे कपडे वेगळे धुवायचे. दमा असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि मुलांनी या कामात येऊच नये, "थोडीशी मदत" म्हणूनही नाही.

आणि एसीचा पंखा चालू करायच्या आधी फिल्टर बदला! लोक घर थंड व्हावं म्हणून आधी बटण दाबतात आणि डक्टमधली काजळी सगळ्या खोल्यांत पसरते.

पाणी उकळून प्यायलं की झालं असं वाटणं

पाणी उकळून प्यायचं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं म्हणून इथे फसायला होतं. वणव्यात पाण्याचा दाब जातो, जळालेल्या घरांच्या तुटलेल्या जोडण्यांतून धूर आणि घाण हवा पाइपात ओढली जाते, प्लास्टिकचे पाइपही तापून रसायनं सोडतात. कॅलिफोर्नियात 2017 च्या टब्स आगीनंतर सँटा रोझामध्ये आणि 2018 च्या 'कॅम्प फायर' नावाच्या वणव्यानंतर पॅराडाइज गावात नळाच्या पाण्यात बेंझीन सापडलं होतं, आणि बेंझीननं कॅन्सर होतो. पाणी उकळलं की जंतू मरतात, बेंझीन मात्र वाफेबरोबर उडून स्वयंपाकघरातल्या हवेत येतं, म्हणजे प्यायच्या ऐवजी ते श्वासातून घ्यायचं.

त्यामुळे नोटीस नीट वाचा. "उकळून प्या" ही नोटीस जंतूंसाठी असते, "पिऊ नका" ही रसायनांसाठी, आणि दुसरी असेल तर पाणी गाळायच्या साध्या फिल्टरवाल्या भांड्यानं भागत नाही, फ्रिजमधला बर्फही त्याच पाण्याचा असतो, दात घासायला आणि बाळाच्या दुधालाही बाटलीचंच पाणी. आंघोळीबद्दल नोटिशीत काय लिहिलंय तेही बघा, परवानगी असली तरी कोमट पाण्यानं, थोडक्यात आणि खिडकी उघडी ठेवून उरका. नोटीस उठल्यावर सांगितलेल्या पद्धतीनं सगळे नळ वाहू द्या, गिझरची टाकी रिकामी करा, फिल्टर बदला. खासगी विहीर किंवा बोअर असेल तर तुमच्यासाठी कुणी नोटीस काढणार नाही, तपासणी तुम्हालाच करून घ्यावी लागेल.

फ्रिजचं थोडक्यात: वीज 4 तासांपेक्षा जास्त गेली असेल तर दूध, मांस, शिजवलेलं अन्न फेका. गच्च भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर साधारण 48 तास टिकतो. आठवडाभर बंद पडलेला फ्रिज तर उघडूच नका, दाराला चिकटपट्टी गुंडाळून तसाच बाहेर काढा. आगीच्या झळा लागलेली औषधंही वापरू नका, इन्सुलिन तर नाहीच.

आधी फेकणं, मग क्लेम करणं

काजळलेला सोफा बघवत नाही म्हणून पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकला आणि नंतर इन्शुरन्सवाल्यांनी पुरावा मागितला, अशा पोस्ट वाचून खरंच वाईट वाटतं. आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, कपाटं आणि ड्रॉवर उघडून, वस्तूंचे मॉडेल नंबर दिसतील असा. सडलेलं फेकावंच लागलं तर फोटो काढून फेका, गालिच्याचा, पडद्याचा एखादा तुकडा पिशवीत ठेवून द्या. हॉटेल, जेवण, कपडे धुणं, सगळ्या पावत्या जपा, बऱ्याच पॉलिसीत बाहेर राहायचा जादा खर्च मिळतो. घर उभं असलं तरी धुराच्या नुकसानीचा क्लेम होऊ शकतो, हे खूप जणांना माहीतच नसतं. "नुसतं पुसून घ्या" असं ऐकवलं तर तेच लेखी मागा आणि धूर-काजळीची तपासणी स्वतंत्र लॅबकडून करून घेता येईल का ते बघा.

दारावर येऊन आजच सही करा म्हणणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला आज सही देऊ नका. लायसन्स तपासा, सगळे पैसे आधी देऊ नका. अमेरिकेत फेमाच्या, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पाहणीला फी नसते, कुणी मागितली तर तो ठग आहे. आणि घर पूर्ण जळालं असेल तर सरकारी मलबा-सफाईचे नियम वाचल्याशिवाय स्वतः खोदकाम सुरू करू नका, नाहीतर काही ठिकाणी त्या योजनेतून बाहेर पडायची वेळ येते.

ग्रुपला चुकीचे प्रश्न विचारणं

ग्रुपचा आधार फार मोठा असतो, रात्री दोन वाजता झोप येत नसताना "मलाही असंच होतंय" म्हणणारं कुणीतरी तिथे असतं. पण "पाणी पिऊ का?", "रस्ता उघडला का?" हे ग्रुपला विचारू नका, ते पाणीपुरवठा आणि अग्निशमन विभागाच्या अधिकृत पानावर बघा, कारण ग्रुपमधला स्क्रीनशॉट कालचा असतो आणि कधी कधी दुसऱ्याच गावाचा. ग्रुपला विचारायचं ते अनुभवाचं: क्लेमला कुठले कागद लागले, कुठला कॉन्ट्रॅक्टर वेळेवर आला, वास जायला काय केलं.

अजून एक उपयोग सुचवते. सामानाची यादी करताना काय काय होतं तेच आठवत नाही, अशा वेळी मित्रमंडळींना सांगा की आमच्या घरी काढलेले सगळे जुने फोटो पाठवा. वाढदिवसाच्या फोटोत केकच्या मागे मिक्सर दिसतो, पुस्तकांचं कपाट दिसतं, भिंतीवरचं चित्र दिसतं, आणि यादी भराभर वाढते.

शेजाऱ्याच्या जळालेल्या घराचा फोटो त्याला कळायच्या आधी टाकू नका, प्लीज. त्याला आधी फोन करा. आपण कधीपर्यंत घरी नाही हेही जाहीर लिहू नका, चोर तेच वाचत असतात. आणि ज्यांचं घर वाचलंय त्यांनी "आमचं काय एवढं" म्हणून गप्प बसू नये, घर वाचल्याची अपराधी भावना खरी असते, ती बोलून दाखवायलाही ग्रुप आहेच.

सगळं पुसलं तरी वास जात नाही तेव्हा

30 डिसेंबर 2021 ला अमेरिकेतल्या कोलोरॅडोत 'मार्शल फायर' नावाचा वणवा लागला, त्यानंतर तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी उभ्या राहिलेल्या घरांतली हवा मोजली, तर धुरातले वायू कित्येक आठवडे टिकून होते. खिडक्या उघडल्या की कमी व्हायचे, बंद केल्या की परत चढायचे, कारण भिंती, गाद्या, पडदे ते शोषून घेतात आणि हळूहळू सोडतात. म्हणजे वास परत येतोय याचा अर्थ तुम्ही नीट पुसलं नाही असा होत नाही. बाहेरची हवा स्वच्छ असेल तेव्हा खिडक्या उघडा, एअर प्युरिफायरला ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर आहे का बघा, नुसता हेपा वायू पकडत नाही, आणि पडदे, गाद्या, गालिचे यांचं आधी काहीतरी करा. ओझोन सोडणारी मशिनं घेऊ नका, ओझोन फुफ्फुसांना त्रास देतो. पुसलेल्या खिडकीवर दोन दिवसांत काळा थर परत येत असेल तर तो माळ्यातल्या इन्सुलेशनमधून, डक्टमधून किंवा शेजारच्या साफ न झालेल्या प्लॉटवरून येतोय, तिथे शोधा.

पावसाला विसरणं

जळालेल्या उतारावरची माती पाणी शोषत नाही, वरच्यावर ढकलून देते, आणि थोड्या जोरदार पावसातही चिखल, दगड, ओंडके खाली येतात. 2017 च्या डिसेंबरमधल्या 'थॉमस फायर' वणव्यानंतर 9 जानेवारी 2018 ला कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटोत असाच लोंढा आला आणि 20 पेक्षा जास्त माणसं गेली. घर उताराखाली असेल तर पुढची काही वर्षं पावसाच्या इशाऱ्याला आगीच्या इशाऱ्याइतकंच मानायचं आणि बॅग भरलेलीच ठेवायची. घराच्या साध्या पॉलिसीत पूर सहसा नसतो, आणि अमेरिकेतली सरकारी पूर-पॉलिसी लागू व्हायला सहसा 30 दिवस लागतात, वणव्यानंतरच्या पुरासाठी सूट मिळू शकते ती एजंटला मुद्दाम विचारा, पण अर्ज याच आठवड्यात टाका.