किडनीच्या स्कॅनला उपाशी येऊ नका

सकाळी आठला आमच्या न्यूक्लियर मेडिसिन विभागाच्या दारात जे पेशंट बसलेले असतात, त्यांतले बरेचसे निर्जळी असतात. गोंदिया, भंडारा, यवतमाळहून पहाटेची एसटी धरून आलेले. "काल रातीपासून घोटभर पानी नाही पेलो जी," हे अगदी अभिमानानं सांगतात. रक्ताला उपाशी, सोनोग्राफीला उपाशी, मग इथंही तसंच असणार, असं त्यांना वाटतं. डीटीपीए रीनोग्रामचं, म्हणजे शिरेतून किरणोत्सारी औषध देऊन करतात त्या किडनीच्या स्कॅनचं, उलट आहे. किडनीत लघवी किती तयार होते आणि किती वेगानं खाली उतरते, तेच तर आम्ही आलेखावर बघतो. मी याच आलेखांवर संशोधन करते, आणि सुकलेल्या माणसाचा आलेख अडथळा असलेल्या किडनीसारखा दिसतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यातून नागपूरचा मे महिना!

तर पोहे खाऊन या, तर्री घालून खाल्ले तरी चालतील. तपासणीच्या तासभर आधी अर्धा लिटर पाणी प्या. डायलिसिसमुळे किंवा हृदयाच्या दुखण्यामुळे पाण्यावर बंधन असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. टेबलावर चढण्यापूर्वी लघवीला जाऊन या.

दिलेली वेळ पाळा. आमचं टेक्नेशियम, म्हणजे औषधातला किरणोत्सारी भाग, दर सहा तासांनी निम्मं होतं. ते सकाळी जनरेटर नावाच्या छोट्या उपकरणातून (विजेचा नव्हे) काढावं लागतं, आमच्याकडे त्याला गाय दोहणंच म्हणतात. दोहलेलं दूध दिवसभर पुरत नाही.

वजन-उंची तिथल्या काट्यावरच करा. "असन पन्नास-पंचावन" चालत नाही. जीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्तद्रव गाळते तो आकडा, आम्ही गेट्सच्या पद्धतीनं (1982 ची आहे, अजून वापरात आहे) काढतो. तीत किडनी पाठीपासून किती खोल आहे, ते वजन आणि उंचीवरून काढतात. पाच किलो चुकले की खोली जवळपास अर्ध्या सेंटीमीटरनं चुकते आणि जीएफआर सहा-सात टक्क्यांनी हलतो. किडनीदात्याच्या बाबतीत एवढ्यावरही निर्णय अडू शकतो.

सुई टोचताना हात ठणकला, तर गप्प बसू नका. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक मावशी मुलाला किडनी द्यायला आल्या होत्या. "बाई, हात ठनकते," म्हणाल्या. मी म्हटलं, होतं थोडं. जीएफआर भलताच कमी आला. मावशी एवढुशा झाल्या. मी आकडेमोड दोनदा तपासली, बरोबर होती. मग सुई टोचली होती त्या कोपराचा कॅमेऱ्यानं टिपलेला फोटो उघडला, तर तिथं पांढराशुभ्र ठिपका! औषध शिरेबाहेर कातडीखाली साठलं होतं आणि गणित धरून चाललं होतं की सगळं रक्तात गेलं. दोन दिवसांनी पुन्हा स्कॅन केला, मावशींची किडनी ठणठणीत निघाली. तेव्हापासून कोपराचा फोटो आधी बघते.

टेबलावर अर्धा-पाऊण तास हलायचं नाही, बाकी काही नाही. कॅमेऱ्यातून किरण निघत नाहीत, ते तुमच्या अंगातून निघतात आणि कॅमेरा नुसता टिपतो. सीटीच्या आयोडीनवाल्या औषधासारखा किडनीवर भारही पडत नाही. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर मात्र सुई टोचण्याआधीच सांगा.

मध्येच लॅसिक्सचं, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन देतात. त्यानंतर किडनीतलं निम्मं औषध 10 मिनिटांच्या आत उतरलं तर वाट मोकळी, 20 च्या पुढे गेलं तर अडथळ्याचा संशय. मधला आकडा आला की पाणी किती प्यायला होतात, हे आम्ही पुन्हा विचारणार. तेव्हा खरं सांगा, रागावत नाही कोणी.

निघताना भरपूर पाणी प्या, त्या दिवशी लहान लेकरांना मांडीवर घेऊ नका. आणि लगेच गणेशपेठच्या स्टँडकडे धावू नका. लॅसिक्सचा जोर तास-दोन तास असतो आणि भंडाऱ्याची गाडी तुमच्यासाठी मध्ये थांबणार नाही.