ईआरपी घेतलं, तरी साठा जुळेना? सांगली-मिरज-कुपवाडच्या कारखानदार आणि व्यापाऱ्यांनो, या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्यांच्या ईआरपीत, म्हणजे खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एआयची नवीन सोय आली होती. साध्या भाषेत प्रश्न टाइप करायचा, उत्तर लगेच पडद्यावर. त्यांनी माझ्यासमोरच विचारलं, "ब्रॅकेट कास्टिंग किती शिल्लक?" उत्तर आलं, १,१४०. आम्ही दोघं उठून यार्डात गेलो आणि माल मोजला. ८६२ नग भरले. मालक वैतागले, "सर, हे एआय चक्क खोटं सांगतंय." पण उरलेले २७८ नग तीन दिवसांपूर्वी मिरजेला मशिनिंगला गेले होते आणि त्यांचं चलन स्टोअरकीपरच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होतं.

गेली कित्येक वर्षं मी या भागात ईआरपी बसवायचं आणि बिघडलेलं दुरुस्त करायचं काम करतो. सुरुवात स्वतः एका स्टोअरमध्ये क्लार्क म्हणून केली, त्यामुळं चलन टेबलावर का राहतं हे मला ठाऊक आहे. गाडी दारात हॉर्न वाजवत असते, कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर असतो, आणि नोंद "संध्याकाळी एकदम करू" म्हणून राहून जाते. आता क्लाउड आलं, मोबाइल ॲप आलं, एआय आलं. ही सगळी साधनं माल जिथं हलतो तिथंच आणि त्याच वेळी नोंद होते, असं धरून बनवलेली आहेत. आपल्याकडं नेमकं तेच होत नाही. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथंच आहे.

"तात्पुरता" उणे साठा

साठा उणे दिसतोय, हे माझ्याकडं येणाऱ्या दहापैकी सहा-सात फोनचं कारण असतं. सॉफ्टवेअर सुरू करताना बिलं अडू नयेत म्हणून "साठा नसला तरी बिल होऊ दे" ही सोय चालू केली जाते आणि पुढं ती कुणीच बंद करत नाही. मग विक्री आधी, आवक नंतर अशी उलटी साखळी तयार होते, सरासरी किंमत बिघडते, आणि मार्चअखेरीला नफा कागदावर भलताच दिसतो.

दुरुस्ती करताना आजचा आकडा बघू नका. त्या मालाची खतावणी तारखेनुसार काढा आणि साठा पहिल्यांदा कोणत्या दिवशी उणे झाला ते शोधा. त्या दिवसाच्या मागंपुढं दोन-तीन दिवसांत एखादी आवक सहसा उशिरा चढवलेली सापडते, नाहीतर माल दुसऱ्याच नावानं जमा झालेला असतो. तेवढी एक नोंद सरळ केली की पुढच्या शंभर ओळी आपोआप सुधारतात. वरून "स्टॉक ॲडजस्टमेंट" मारून आकडा जुळवला, तर पुढच्या महिन्यात तोच खड्डा पुन्हा पडतो.

सोय बंद करायची वेळ आली की एकदम करू नका. आधी गेटवर एक मोबाइल आणि एक माणूस द्या. गाडी आत येताना आणि बाहेर जाताना तिथंच नोंद होऊ द्या. महिनाभर हे नीट चाललं की मग त्या सोयीला कुलूप लावा.

किलो आणि नग

हे दुखणं आपल्या भागाचं खास आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फाउंड्रीतून कास्टिंग वजनावर निघतं, ग्राहकाला नगावर जातं. ईआरपी बसवणारा विचारतो, "एका नगाचं वजन किती?" आपण सांगतो, ८.४ किलो. तो ते गुणोत्तर कायमचं बसवून टाकतो. प्रत्यक्षात एखादी हीट (भट्टीतल्या एका वेळच्या धातूचं ओतकाम) ८.६ ची निघते. ५०० नगांवर १०० किलोचा फरक पडला. महिन्याला दहा हजार नग जात असतील, तर दोन टन धातू हिशेबातून गायब, आणि संशय मात्र बिचाऱ्या रखवालदारावर.

उपाय असा की, ज्या मालाचं वजन बदलतं त्याला ठरावीक गुणोत्तर देऊच नका. नग आणि काट्यावरचं खरं वजन, दोन्ही आकडे प्रत्येक नोंदीत वेगळे घ्या. बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या एककाची सोय असते, फक्त ती मागून घ्यावी लागते. किती टक्के फरक चालेल ते ठरवा. त्यापलीकडं गेला तर पडद्यावर नोंद अडली पाहिजे.

मार्केट यार्डातल्या हळदीचंही असंच आहे. पोती आणि क्विंटल यांचा मेळ कधीच कायम राहत नाही. ओल उडते, पॉलिशला घट येते. ही घट कुठंतरी मुरवून टाकू नका. तिच्यासाठी वेगळं खातं ठेवा आणि लॉटवार बघा. कोणत्या लॉटला जास्त घट आली हे दोन हंगाम दिसलं की पुढच्या सौद्यात भाव लावताना ते उपयोगी पडतं.

आणि नावं! एका पेढीत मला "राजापुरी हळकुंड", "राजापूरी हळकुंड" आणि "हळकुंड राजापुरी १" अशी एकाच मालाची तीन खाती सापडली. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक माणसाला कळतो, सॉफ्टवेअरला ते वेगळे माल वाटतात. नवं खातं उघडायचा अधिकार एकाच माणसाकडं ठेवा. दिवाणजींकडं असला तर उत्तम, कारण माल त्यांना ओळखता येतो.

ई-इन्व्हॉइस अडकलं की घाई नको

२०१७-१८ पासून कोणत्याही एका वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यवसायांमधल्या बिलांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं. पुढं उलाढाल खाली आली म्हणून सुटका होत नाही. ज्यांची १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत ते पोर्टलवर नोंदवावं लागतं.

सगळ्यांत महागात पडणारी चूक अशी घडते. बिल पाठवताना नेट जातं. आपल्या पडद्यावर "गेलं नाही" असं दिसतं. पुन्हा पाठवलं की "डुप्लिकेट आयआरएन" असा नकार येतो. आयआरएन म्हणजे बिलाचा पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक. गाडी दारात उभी, म्हणून बिल करणारा मुलगा बिलाचा नंबर बदलतो आणि पाठवून देतो. एका मालाची दोन बिलं सरकारदरबारी नोंदली गेली! डुप्लिकेट म्हणतंय याचा अर्थ पहिलं बिल पोचलेलं आहे. आयआरएन हा ६४ अक्षरांचा असतो आणि तुमचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, बिलाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरून तयार होतो. म्हणून नंबर तोच ठेवा आणि त्याच दिवशी पोर्टलवरून आधीचा आयआरएन ओढून घ्या. ती सोय तुमच्या ईआरपीत कोणत्या बटणावर आहे, हे आजच विचारून ठेवा.

चुकीचं बिल पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द होतं. त्याचं ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. २४ तास उलटले की क्रेडिट नोट द्यावी लागते किंवा जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात दुरुस्ती करावी लागते. रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही.

बाकीचे नकार किरकोळ असतात. बिल नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा नको, शून्यानं किंवा तिरप्या रेघेनं सुरू होणारा नको. ग्राहकाचा पिनकोड आणि राज्य जुळत नाही, हे तर रोजचं आहे. मास्टर, म्हणजे ग्राहकांची मूळ यादी, भरताना कुणीतरी सगळ्यांनाच सांगलीचा ४१६४१६ टाकून मोकळं झालेलं असतं.

दर बदलला, जुन्या ऑर्डरी तशाच

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. बहुतेक मालासाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, वाहनांचे सुटे भाग २८ वरून १८ वर आले. त्या आठवड्यात मी दिवसाला चार-चार ठिकाणी फिरत होतो. ज्यांनी दर एचएसएनच्या (जीएसटीतल्या मालाच्या वर्गीकरण क्रमांकाच्या) गटाला तारखेसकट लावला होता, त्यांचं काम अर्ध्या तासात संपलं. ज्यांनी प्रत्येक मालाला वेगळा दर हातानं भरला होता, त्यांना शेकडो खाती उघडावी लागली. तरीही आधीच्या परचेस ऑर्डरमध्ये २८ टक्के बसून राहिले ते राहिलेच. एचएसएनवार दर आणि "कधीपासून लागू" ही तारीख आता नीट लावून घ्या. उघड्या ऑर्डरींची यादी काढून जुना दर कुठं उरलाय का, तेही बघा.

मिरजेला गेलेलं कास्टिंग

आपल्याकडं ओतकाम एकीकडं, मशिनिंग दुसरीकडं, प्लेटिंग तिसरीकडं. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कारखान्यात प्रक्रियेला, गेलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना आयटीसी-०४ हे जॉबवर्कच्या मालाचं जीएसटी विवरण दर सहा महिन्यांनी भरावं लागतं, बाकीच्यांना वर्षातून एकदा. ईआरपीत जॉबवर्करला साधी "पार्टी" म्हणून ठेवू नका, त्याला त्याचं स्वतःचं गोदाम द्या. मग माल तुमचाच राहतो, फक्त जागा बदलते, आणि कोणतं चलन किती दिवस बाहेर आहे हे रोज दिसतं. माल एका जॉबवर्करकडून परस्पर दुसऱ्याकडं गेला तर त्याचीही नोंद हवी. चलनं हरवतात ती इथंच.

याच जॉबवर्करांच्या खात्यात उद्यम नोंदणीतली वर्गवारीही (सूक्ष्म, लघु की मध्यम) भरा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी आयकरात धरला जातो. तो रकाना रिकामा असला की सॉफ्टवेअर आठवण करून देऊ शकत नाही.

सर्व्हर तळमजल्यावर

ऑगस्ट २०१९ चा पूर कुणी विसरलेलं नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. पूर ओसरल्यावर एका पेढीत चिखलातून काढलेला सर्व्हर मी हातात धरलेला आहे. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. वर्षाचा हिशेब बँकेची स्टेटमेंटं आणि समोरच्या पार्ट्यांचे उतारे गोळा करून पुन्हा उभा करावा लागला. त्या काळात त्या घरातल्या माणसांचे चेहरे मला आजही आठवतात.

म्हणून क्लाउडबद्दल मला कुणी विचारलं, तर मी सांगलीत तरी हो म्हणतो. पण तीन गोष्टी बघून. एक, नेट गेल्यावर गेटवरची नोंद मोबाइलमध्ये थांबून नंतर वर जाते का? दोन, तुमची कंपनी असेल तर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा, हे पुरवठादार लिहून देतो का? तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. बॅकअप परत उघडून पाहिलाय का? वर्षातून दोनदा, त्यातलं एकदा पावसाळ्याच्या आधी, तो दुसऱ्या मशिनवर चढवून एखादी खतावणी जुळवून बघा.

कंपन्यांसाठी आणखी एक. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहायला हवा आणि तो बंद करता येता कामा नये. ऑडिटर त्याबद्दल अहवालात लिहितात. मालक, अकाउंटंट आणि स्टोअर हे तिघं एकाच पासवर्डनं आत जात असतील, तर त्या मागाला काही अर्थ राहत नाही.

एआय कुठं घ्यावं

मी त्याच्या विरोधात नाही. थकलेल्या येण्यांची यादी काढणं, छापील खरेदी बिल वाचून खाती भरणं, एखाद्या मालाची मागणी कधी वाढते ते दाखवणं, ही कामं ते चांगली करतं. हातानं लिहिलेल्या बिलात १ आणि ९ मध्ये ते घोटाळतं, त्यामुळं मंजुरीचं बटण माणसाच्याच हातात ठेवा. मशिनला लावलेल्या काउंटरचंही तसंच. तो ठोके मोजतो, त्यातले चांगले किती आणि रिजेक्शन किती हे त्याला कळत नाही. आणि पार्ट्यांचे पॅन, मोबाइल नंबर, भाव असलेल्या याद्या बाहेरच्या फुकट चॅटमध्ये टाकू नका. तो माल दुसऱ्याच्या विश्वासावर आपल्याकडं ठेवलेला आहे.

त्या फाउंड्रीत आम्ही एआय दोन महिने बाजूला ठेवलं. जॉबवर्कचं चलन गेटवर स्कॅन झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, एवढं एकच ठरवलं. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली.

एक एप्रिलचा हट्ट

सगळ्यांना नवं सॉफ्टवेअर १ एप्रिललाच सुरू करायचं असतं. हळद आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यासाठी हा मुहूर्त सर्वांत वाईट. नवी आवक जोरात, सौदे रोजचे, मार्चअखेरीची कामं डोक्यावर, आणि दिवाणजींना म्हणायचं, "आता हे नवीन शिका." माणसं चार दिवसांत कच्च्या वहीकडं परत जातात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. वर्षाच्या मध्येही सुरुवातीच्या शिलका चढवता येतात. व्यापाऱ्यांनी आवक मंदावल्यावर, पूर-पावसाची धास्ती सरल्यावर सुरू करावं. कारखान्यांना १ ऑक्टोबर सोयीचा पडतो, आयटीसी-०४ ची सहामाहीही तिथंच संपते. त्याआधी पंधरा दिवस जुनं-नवं दोन्ही चालवा, आणि शेवटच्या दिवशी माल खरोखर मोजून मगच शिलका चढवा, जुन्या सॉफ्टवेअरमधला आकडा उचलून नव्हे.

करारावर सही करताना पुरवठादाराला एक विचारा: "उद्या आम्ही सोडून गेलो, तर आमची सगळी खाती, बिलं आणि साठ्याची हालचाल कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत देणार?" उत्तर तोंडी घेऊ नका. नमुन्याची फाइल काढून मागा, ती एक्सेलमध्ये उघडा, आणि कोणत्याही एका पार्टीची शिल्लक स्वतः जुळवून बघा.